हळू बोलणारे स्पीकरवाले

ईरा आणि ओजस,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर जो लेख वाचून दाखवलात, त्यातलं इंग्रजी चांगलं होतं. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई आहे मी, तेवढं मला कळतं. मजकूर मात्र खोटा होता. तुमच्या बाबाच्या 'घण' या बँडचा दुसरा अल्बम गाजला आणि भरपूर खपला, इथपर्यंत ठीक. पण तो ज्यांनी रेकॉर्ड केला, त्यांना या लेखकानं 'कोल्हापुरातल्या साउंडच्या भिंतींचे जनक' म्हटलं आहे. ते वाक्य ऐकलं आणि माझा चहा तसाच गार झाला. पुढं लिहिलं आहे की यश मिळताच ड्रमर नोकरीसाठी परदेशी निघून गेला आणि बँड फुटला. ओजस, तू विचारलंस, "आजी, बाबा बँड सोडून पळाला?" बाबा शेजारीच होता. तो म्हणाला, "अरे, माझ्या ड्रमचं पेडल तुटलं होतं." आणि उठून गेला.

तो सगळ्यांना हेच सांगतो. म्हणून मी लिहायला बसले आहे. बाबालाच वाचून दाखवायला सांगा. कुठं कुठं तो खोकेल, तिथं थांबू देऊ नका.

भिंत म्हणजे काय ते तुम्हाला तिकडं कळायचं नाही. ट्रकवर स्पीकरचे मोठाले खोके एकावर एक रचून घराच्या उंचीची भिंत करतात आणि गणपतीच्या मिरवणुकीत ती रस्त्यानं नेतात. ती गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या फडताळातल्या कपबश्या आपोआप सरकायला लागतात आणि छातीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटतं. या प्रकाराचे जनक म्हणे आमचे मामा!

मामा आमचे भाडेकरू. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड त्यांच्याकडं होती. धंदा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. सणासुदीला पेठ वडगावहून एक भाची यायची, तेवढंच गणगोत. खोल्या बघायला आले तेव्हा त्यांनी ना नळ बघितला, ना मोरी. खोलीच्या मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग तुमच्या आजोबांना म्हणाले, "खोली चांगली हाय. खोटं बोलत न्हाई."

हे ते इतकं हळू म्हणाले की आजोबांनी पुन्हा विचारलं. मामा पुन्हा तितक्याच हळू म्हणाले. हा त्यांचा पहिला विक्षिप्तपणा. आपल्या कोल्हापुरात एकानं "जेवलास काय?" विचारलं की तीन घरांतून उत्तर येतं, आणि त्या गावात हा स्पीकरवाला कुजबुजल्यासारखा बोलायचा. ऐकायचं असेल तर माणसानं वाकून जवळ जावं. गेला नाही तर त्याला ऐकायचं नव्हतं, असं मामा धरून चालायचे.

दुसरा विक्षिप्तपणा कापसाचा. दिवसभर त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असायचे. कामाच्या वेळी गोंगाटात बोळे घालतील असं तुम्हाला वाटेल. उलट. स्पीकर चालू करायच्या वेळी ते बोळे काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि काम संपलं की परत घालायचे. "कान काय फुकट वापरायचा जिन्नस हाय व्हय?" हे त्यांचं आवडतं वाक्य.

तिसरा विक्षिप्तपणा मला थेट भोवला. आम्ही हौसेनं दाराला विजेची घंटी बसवली होती, चिमणीचा चिवचिवाट करणारी. एक दिवस मी कॉलेजातून आले आणि बटण दाबलं तर चिमणीला दमा झाल्यासारखा आवाज. बघते तर घंटीच्या डबीभोवती फडकं गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. मी तावातावानं मागं गेले.

"मामा, माझ्या घंटीला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

मामा स्पीकरचा कर्णा पुसत होते. म्हणाले, "वैनी, दारात पावणं हाय हे घरातल्याला कळाय पायजे. गल्लीला कशाला कळाय पायजे?"

मी फडकं काढलं. त्यांनी परत बांधलं. मी पुन्हा काढलं. शेवटी आजोबा म्हणाले, "अगं, राहू दे, दुपारी झोप चांगली लागते मला." घरातलाच माणूस फितूर झाल्यावर मी काय करणार? ते फडकं अजून आहे. दर दिवाळीला धुऊन मी स्वतः बांधते.

आता त्या लेखकानं नीट वाचावं असं सांगते, त्यांच्या कामाच्या पद्धतीचं. लग्नाचं किंवा जत्रेचं काम आलं की मामा आदल्या दिवशी सायकलवरून त्या भागात जायचे आणि दार न् दार ठोठावायचे. "घरात आजारी कोण हाय? बाळंतीण? परीक्षेचं पोर?" जिथं असेल तिथं दाराच्या चौकटीवर खडूनं एक वर्तुळ काढायचे. दुसऱ्या दिवशी कर्णे असे वळवायचे, ओल्या गोणपाटांनी असे झाकायचे, की वर्तुळाच्या घरात आवाज जाता कामा नये. सगळं बांधून झालं की बाकीचे लोक माइकवर "हॅलो, हॅलो" करतात. मामा माइक तोंडाजवळ धरून विचारायचे, "नको त्याला ऐकू येतंय का?" मग सायकल काढून वर्तुळाच्या दारांवरून एक फेरी मारून यायचे.

आमच्या ओळखीच्या एका लग्नात मुलीचे वडील त्यांच्यावर धावून आलेले मी पाहिले आहेत.

"ओ मामा, आवाज वाढवा की! लगीन हाय का मयत?"

मामा काहीतरी पुटपुटले.

"काय?"

मामा पुन्हा पुटपुटले. वधूपिता फेट्यासकट वाकले.

"हां, आता कसं जवळ आलासा," मामा म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या घरात म्हातारी शेवटच्या घटका मोजतीया. तुमच्या पोरीचं गाणं तिनं का ऐकावं?"

वधूपित्यांनी फेटा सावरला आणि जेवणाच्या पंगतीकडं निघून गेले. असा हा माणूस.

आता 'घण'बद्दल. तुमचा बाबा इंजिनिअरिंगला होता आणि त्याचे तीन मित्र. एक गिटार वाजवायचा, एक बेस, एक गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. हेवी मेटल हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मला ते आवडत नव्हतं आणि आजही आवडत नाही. आमच्या गच्चीवर दार लावून त्यांचा सराव चालायचा. त्यांचा पहिला अल्बम पुण्याच्या एका स्टुडिओत झाला होता आणि पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखा वाजत होता. कॅसेटी आमच्या माळ्यावर खोक्यात पडून होत्या. पाहुण्यांना मी एकेक द्यायची आणि ते चुकून इथंच विसरून जायचे.

एका संध्याकाळी गच्चीवर दणदणाट चालला असताना मामा जिना चढताना दिसले. मला मनातून आनंद झाला. माझ्या चिमणीचा गळा दाबणारा माणूस, आता या चौघांचं काय करतो बघू! मी मागोमाग वर गेले. मामांनी दाराशी उभं राहून कानांतले बोळे काढले, खिशात ठेवले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग काहीतरी बोलले. चारही पोरं वाकली.

"मोठं वाजवताय," मामा म्हणाले. "जड न्हाई वाजवत."

"म्हणजे?" बाबानं विचारलं.

"मोठं कुणीबी वाजवतंय. जड म्हंजे भरल्या पोत्यागत. जमिनीला टेकलं की जमिनीला कळाय पायजे."

मी न राहवून म्हणाले, "मामा, माझ्या घंटीला फडकं, आणि यांना शिकवणी?"

"वैनी, ही एकमेकासाठी वाजवत्यात. पर गच्ची गल्लीची हाय, हे तुमचं बरोबर हाय. मी न्हेतो ह्यांना."

आणि नेलं त्यांनी. गारगोटीच्या रस्त्याला त्यांच्या एका दोस्ताचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपला होता. उसाचा रस आटवायची मोठी काहील उतरवून ठेवलेली, आणि खाली चुलवाण, म्हणजे जमिनीत खणलेली, माणूस आत उभा राहील अशी भट्टी, थंड पडलेली. आसपास वस्ती नाही. मामांनी ड्रम चुलवाणाच्या काठावर मांडले आणि एक माइक दोरीनं भट्टीच्या पोटात सोडला. पुण्याच्या स्टुडिओत जे मिळालं नव्हतं, ते त्या राखेच्या खड्ड्यानं दिलं. पोरं घरी यायची ती काजळी फासलेली. मी बाबाचे शर्ट दगडावर आपटून थकले. पण टेप ऐकली तेव्हा मलाही कळलं की जड म्हणजे काय. अल्बमचं नाव त्यांनी 'चुलवाण'च ठेवलं.

त्याच नावाच्या गाण्यात ते अडले होते. गाणं पुढं सरकेना. त्या दिवशी मी जेवणाचे डबे घेऊन आजोबांच्या स्कूटरवरून तिथं गेले होते, म्हणून हे ऐकीव नाही, माझ्या समोरचं आहे. पोरं जेवून चिपाडांच्या ढिगावर पडली होती. मामा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती. बाबा टक लावून बघायला लागला.

"मामा, हे काय वाजवताय?"

मामांनी हात उचलला, चोरी पकडल्यासारखा. मग म्हणाले, "माझ्या बापाचं हाय."

मग त्यांनी सांगितलं. गावची हलगी त्यांच्या घराकडं होती. लग्न असो, मयत असो, पाटलाच्या दारात नवी म्हैस येवो, "वाजव" म्हटलं की जाऊन वाजवायचं. ऊन बघायचं नाही, अंगात ताप बघायचा नाही. ज्या साली घरादारानं दीक्षा घेऊन बौद्ध धर्म स्वीकारला, त्या साली वडिलांनी हलगी खुंटीवरून काढली, मोडली आणि चुलीत घातली.

"परत कशाला हात लावला न्हाई त्यानं," मामा म्हणाले. "पर भाकरी खाऊन बसला की गुडघ्यावर बोटं चालायची. त्याला ठावं बी नसायचं. मी गप बघत बसायचो. बोललो असतो तर थांबला असता."

बाबानं विचारलं, "मी घेऊ का हे? गाण्यात?"

मामांनी आपल्या बोटांकडं बघितलं. मला वाटलं, नाही म्हणणार.

"घे. पर एक ध्यानात ठेव. कुणी 'वाजव' म्हटलं म्हणून हे वाजवायचं न्हाई. तुला वाजवावं वाटलं तर वाजव."

बाबानं मान हलवली. त्या वयाची मुलं कशालाही मान हलवतात, असं मला तेव्हा वाटलं.

'चुलवाण' खपला तो त्याच ठेक्यामुळं. सुरुवातीला कॉलेजातली पोरं, मग रिक्षावाले, मग तालमी आणि मंडळं. मलकापूरपासून गारगोटीपर्यंत दुकानांत कॅसेट मागितली की संपली म्हणायचे. मग मुंबईच्या एका कंपनीनं सीडी काढली. ज्या पाहुण्यांनी पहिली कॅसेट आमच्याकडं 'विसरली' होती, ते आता फोन करून "आमच्यासाठी एक ठेवा हं" म्हणायला लागले. रस्त्यात अनोळखी पोरं बाबाला बघून "नाद खुळा!" ओरडायची. आणि हे सगळं ज्यांच्या वडिलांच्या गुडघ्यावरून आलं, ते मामा मागच्या अंगणात कानांत कापूस घालून वायरी गुंडाळत बसलेले असायचे. कंपनीचा माणूस एकदा त्यांचा फोटो घ्यायला आला. ते म्हणाले, "फोटो ऐकू येत न्हाई," आणि शेडचं दार लावून घेतलं.

ईरा, तू विचारलंस ना की एवढं चाललं होतं तर फुटलं का? सांगते.

बँडच्या गिटारवाल्यानं एका मोठ्या मंडळाशी ठरवून टाकलं, की विसर्जनाच्या मिरवणुकीत 'घण' ट्रकवरून, भिंतीसकट, 'चुलवाण' प्रत्यक्ष वाजवणार. तो आवाज मामांशिवाय कुणाला जमायचा नाही, हेही त्याला माहीत होतं. मामा सरळ नाही म्हणाले. "ऐकायला आलेल्याला आवाज द्यायचा. रस्त्यानं निघालेल्याच्या कानात कोंबायचा न्हाई." गिटारवाला दोन वेळा येऊन गेला. मंडळाचे अध्यक्ष पेढे घेऊन आले. शेवटी तुमचा बाबा गेला. तो काय बोलला मला माहीत नाही, पण मामा बाहेर येऊन अध्यक्षांना म्हणाले, "पोरगं म्हणतंय म्हणून येतो. आदल्या दिवशी मी वर्तुळं काढणार. वर्तुळ आलं की आवाज बंद. पुढं गेलं की चालू."

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. "शब्द हाय, मामा!"

मिरवणुकीच्या वाटेवर एक प्रसूतिगृह होतं. त्याच्या समोरच माझ्या एका मैत्रिणीचं घर, आणि तिच्या गॅलरीत आम्ही दुपारपासून उभे होतो. प्रसूतिगृहाच्या फाटकावर ताटाएवढं पांढरं वर्तुळ स्पष्ट दिसत होतं. मामांनी मुद्दाम मोठं काढलं होतं.

ट्रक आला. माझ्या मुलाला इतक्या लोकांनी डोक्यावर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. जनरेटरच्या गाडीजवळ मामा चालत होते, खिशात बोळे. फाटक जवळ आलं. मामांनी हात वर केला. आवाज बंद झाला नाही. त्यांनी पुन्हा हात केला. अध्यक्ष ट्रकच्या पुढं नाचत होते. मामा त्यांच्यापाशी गेले. बोलणं आम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण अध्यक्षांनी मागं बोट दाखवलेलं दिसलं. मागून दुसऱ्या मंडळाची भिंत येत होती. थांबलो तर लोक म्हणणार, यांचा आवाज बसला. एवढ्यासाठी! दिलेला शब्द एवढ्यासाठी मोडला. आत बायका बाळंत होत होत्या, आणि यांना शेजारच्या मंडळासमोर नाक वर ठेवायचं होतं.

मामा मागं गेले. त्यांनी जनरेटरचा फ्यूज उपटला आणि कापसाच्या खिशात टाकला.

भिंत मेली. गिटार मेली. ओरडणाऱ्याचं नुसतं तोंड हलताना दिसलं. पण ड्रमला वीज लागत नाही. बाबाचा ठेका तसाच चालू होता, मामांच्या वडिलांचा ठेका, आणि त्या शांततेत तो पूर्वीपेक्षाही जड वाजत होता. गर्दीला तेवढं पुरे होतं. लोक पुन्हा नाचायला लागले आणि हजार तोंडांनी ओरडायला लागले, "वाजव! वाजव! वाजव!"

मी मामांकडं पाहिलं. ते बाबाकडं बघत नव्हते. एकदाही बघितलं नाही. ते वर, प्रसूतिगृहाच्या खिडकीकडं बघत होते.

बाबा थांबला. त्यानं दोन्ही काठ्या शर्टाच्या आत घातल्या आणि हात मांडीवर ठेवले.

आधी लोकांना कळलंच नाही. मग शिव्या सुरू झाल्या. काही पोरं ट्रकवर चढली. एकानं मोठ्या ड्रमला लाथ घातली, दुसऱ्यानं बाबाची कॉलर धरली. "वाजव की रं! कुणाच्या जिवावर मोठा झालायस?" बाबा मान हलवत होता, नाही, नाही. गिटारवाला, त्याचा जिवाभावाचा दोस्त, माइकशिवाय ओरडला, "गद्दार हायस तू!" ते मात्र आम्हाला गॅलरीत ऐकू आलं. खाली मामांना चौघांनी घेरलं होतं आणि फ्यूजसाठी त्यांचा खिसा फाडला. आजोबा चपला न घालता खाली धावले.

आणि समोर प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, इतका वेळ घट्ट लावलेली खिडकी एका नर्सनं उघडली. आवाज थांबला म्हणून उघडली. या घटनेची बातमी छापणाऱ्यांपैकी कुणालाही ती खिडकी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या शेडमधले कर्णे कुणीतरी ठेचून टाकले होते. एकाही मंडळानं त्यांना पुन्हा काम दिलं नाही. ते शाळांची संमेलनं आणि शोकसभा करत राहिले. "शोकसभेला लोक गप बसत्यात," ते म्हणायचे, "काम सोपं असतंय." गिटारवाल्यानं 'चुलवाण'च्या जोरावर स्वतःची भिंत उभी केली आणि पुढं जिल्ह्यातली सगळ्यात मोठी भिंत त्याचीच झाली. बाबानं पुन्हा ड्रम मांडले नाहीत. पुढच्या वर्षी त्याला तिकडची नोकरी लागली. विमानाच्या आदल्या दिवशी तो मागच्या अंगणात गेला तेव्हा मी दारात होते. म्हणाला, "मामा, त्या दिवशी माझं पेडल तुटलं म्हणून थांबलो." मामा म्हणाले, "व्हय. मला आवाज आला तुटल्याचा." आणि दोघं हसले. मला काही हसू आलं नाही. एवढी मोठी गोष्ट केली आणि तिची अशी थट्टा?

शेवटी शेवटी मामांना ऐकू कमी यायला लागलं. "आता कापूस लागत न्हाई, वैनी," म्हणायचे, जणू काही सोय झाली. ते गेले तेव्हा भाची आली आणि तिनं मागच्या अंगणातच जलदान विधी, म्हणजे बौद्धांचा शोकविधी, ठेवला. सतरंजी, फुलं, मेणबत्त्या, आणि बुद्धवंदना म्हणायला थोडी माणसं. माइक नको, असं मीच म्हणाले. बाबाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून फोन लावून मामांच्या फोटोपाशी ठेवला होता. त्याला वंदना ऐकायची होती.

वंदना सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. भिंत! वर मामांचा हा एवढा फलक: 'भिंतीच्या जनकास मानाचा मुजरा'. आत्ता कळलं ना, त्या लेखकानं आपली विद्वत्ता कुठून उचलली? मी मामांच्या पेटीतून खडू घेतला, बाहेर जाऊन फाटकावर वर्तुळ काढलं आणि पुढं उभी राहिले. गिटारवाला ट्रकवरून उतरला. केस पांढरे झाले होते, गळ्यात साखळी होती.

"काकू, श्रद्धांजली हाय ही. दोनच मिनटं. पोरं लांबनं आल्यात."

"वर्तुळ दिसलं का?"

त्यानं बघितलं. ते काय आहे, हे त्या ट्रकवरच्या माणसांत फक्त त्याला माहीत होतं. "दिसलं," तो म्हणाला, आणि हात वर करून खूण केली. 'चुलवाण' सुरू झालं.

आत भाची ओळीच्या मधेच थांबली. मेणबत्त्या विझल्या. मी धावत जाऊन फोन उचलला, कारण तुमचा बाबा ओरडत होता, "आई! आई, कोण वाजवतंय ते?"

मी म्हणाले, "तूच."

मग तो म्हणाला, "फोन त्याला दे."

मी बाहेर जाऊन गिटारवाल्याच्या हातात फोन दिला. त्यानं तो कानाला लावला, दुसऱ्या कानावर तळवा दाबला, वाकला. "काय? काय रे? ऐकू येईना!" त्यानं ट्रककडं बघून हात हलवला. बंद. त्याला ऐकायचं होतं म्हणून बंद करावी लागली. सगळी गल्ली गप्प झाली, आणि माझा मुलगा तिकडून काहीतरी हळू, फार हळू बोलला. गिटारवाला ट्रकवरच्या भिंतीकडं पाठ करून उभा होता. त्याची नजर फाटकावरच्या वर्तुळावर होती.

"व्हय," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय. येतंय."

फोन माझ्या हातात देऊन तो ट्रकवर चढला आणि ट्रक मागं घेत गल्लीबाहेर गेला. आत भाचीनं सोडलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

सगळे गेल्यावर मी बाबाला विचारलं, काय बोललास रे त्याला?

"काही नाही. मामांचं टेस्टिंग केलं. नको त्याला ऐकू येतंय का, एवढंच विचारलं."

पेडलबद्दल मी तेव्हा गप्प राहिले. आता लिहून ठेवते. ते माळ्यावर पहिल्या अल्बमच्या खोक्याशेजारी आहे. आज सकाळी स्टुलावर चढून खाली काढलं, पायानं दाबून बघितलं. शाबूत आहे.

तुमची,
आजी